कुटके कोण खाणार?

कचरा कमी करायचा, म्हणून हल्ली घरात सामान येतं. आधी स्टीलच्या नळ्या येतात. मग नळ्या आतून घासायला बारीक ब्रश येतो. मग नळ्या आणि ब्रश ठेवायला कापडी पिशवी. हे सगळं येतं पुठ्ठ्याच्या खोक्यात, आणि खोकं येतं प्लॅस्टिकमध्ये.

नळीनं प्यायचं काय? ताक!

बांबूचा टूथब्रश हाही असाच पाहुणा. बांबू आमच्याच जिल्ह्यात, मेळघाटात उगवतो. ब्रश मात्र कुरिअरनं येतो. अंगणातला कडुनिंब हे उभ्यानं बघतो. त्याची काडी फुकट मिळते, हाच तिचा दोष. फुकटच्या वस्तूचा फोटो काढून पाठवायचा कोणाला?

कॅलिफोर्नियातल्या बी जॉन्सन नावाच्या बाईंनी २०१३ मध्ये 'झिरो वेस्ट होम' हे पुस्तक लिहिलं. आपल्या कुटुंबाचा वर्षभराचा कचरा काचेच्या एका बरणीत मावतो, हे त्यांनी जगाला दाखवलं. जग थक्क झालं. वऱ्हाडातली म्हातारी झाली नसती. तिनं एवढंच विचारलं असतं, "येवढी चांगली बरणी कचऱ्यात काहून घातली वं? लोणच्याले नसती का झाली?"

खरं तर या विषयात वऱ्हाडानं बाहेरून पुस्तक मागवायची गरजच नाही. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मले. पुढं १९०५ मध्ये घर सोडलं आणि जग त्यांना गाडगेबाबा म्हणू लागलं. त्यांच्या अंगावरचा ऐवज बघा. डोक्यावर खापराचा तुकडा. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. एका पायात चप्पल, दुसऱ्यात बूट. अंगावर चिंध्यांची गोधडी. हातात झाडू आणि मातीचं गाडगं. तेच ताट, तीच वाटी, तोच पेला.

लोकांनी टाकून दिलेल्या वस्तू अंगावर घेऊन हा माणूस आयुष्यभर हिंडला. त्याची कापडी पिशवी कुणी प्रायोजित केली नव्हती.

आता बाबांच्या नावाचं विद्यापीठ आहे, चौक आहेत, शाळा आहेत, योजना आहेत. पण त्याच वेषात ते आज कुठल्याही फाटकाशी उभे राहिले, तर आतला माणूस आधी शिटी वाजवेल. पुतळ्याला मात्र सगळीकडे प्रवेश आहे. पुतळ्याच्या हातात झाडू असतो आणि जयंतीच्या दुसऱ्या दिवशी पुतळ्याच्या पायाशी हार आणलेल्या पिशव्या असतात.

२०००-०१ मध्ये राज्य सरकारनं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. आर. आर. पाटील तेव्हा ग्रामविकासमंत्री. कल्पना उत्तम होती, गावंही इरेला पेटली. रस्ते झाडले, भिंती रंगवल्या, बक्षिसं आली. बक्षीस आलं की फटाके आले. फटाक्यांचा कागद दुसऱ्या दिवशी कोणी झाडला?

जो आदल्या वर्षीही झाडत होता, त्यानंच.

आता रिद्धपूरला येऊ. मोर्शी तालुक्यातलं हे गाव म्हणजे महानुभाव पंथाची काशी. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांचं गाव. साडेसातशे वर्षांपूर्वीपासून या वाटांवर संन्यासी झोळी घेऊन फिरले. चार घरची भिक्षा एका झोळीत. या घरचं तिखट, त्या घरचं आंबट, तिसरीकडचं सकाळचं. ॲपवर तारे देऊन मत नोंदवायची सोय नव्हती, त्यामुळं बिचारे जेवत असत.

याच गावात १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं. कसं? चक्रधरस्वामी निघून गेल्यावर ज्यांनी त्यांना पाहिलं, ऐकलं, त्यांच्या आठवणी माणसामाणसाकडून गोळा केल्या. कोणाला अर्धी गोष्ट आठवे, कोणाला तीच निराळी आठवे. न जुळणारी आठवणही फेकली गेली नाही; अमका असं सांगतो, तमकी तसं सांगते, हेही ग्रंथात राहिलं. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ असा लोकांच्या उरल्यासुरल्या आठवणींतून उभा राहिला. पुढं धामधुमीत पोथी हरवली, तर पंथातल्या मंडळींनी ती पाठांतरातून पुन्हा उभी केली. काहीही वाया जाऊ द्यायचं नाही, ही या मातीची सवय बरीच जुनी दिसते.

आणि आपल्या फोनमध्ये हजार फोटो आहेत, त्यातला एक सापडत नाही.

त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे. आनंदच आहे, फार उशिरा का होईना. विद्यापीठ आलं म्हणजे पाहुणे येणार. पाहुणे कुठंही आले की बाटलीबंद पाणी येतं. अर्धी बाटली पिऊन पाहुणा निघून जातो आणि उरलेली अर्धी खुर्चीखाली लवंडते. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या मुलखात अर्धी बाटली टाकून देण्याला सत्कार म्हणतात.

फ्लेक्सचं मात्र जाहीर कौतुक केलं पाहिजे. वाढदिवसाचा फ्लेक्स चौकातून उतरला की तो थेट गोठ्यावर चढतो. पावसाळ्यात कुटार झाकायला त्याच्यासारखी ताडपत्री नाही. नेत्याचा हसरा चेहरा खाली, ढोरांकडे. पाच वर्षांत त्या चेहऱ्यानं केलेलं हे एकमेव ठोस काम.

थोडे आकडे घेऊ, म्हणजे आपण अभ्यास केल्यासारखं वाटेल. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो, की २०२२ या एका वर्षात जगानं १०५ कोटी टन अन्न वाया घालवलं. त्यातलं ६० टक्के हॉटेलांतून नाही, मंगल कार्यालयांतून नाही, घराघरांतून गेलं. भारतातल्या घरांसाठी अंदाज आहे माणशी वर्षाला ५५ किलो. सालं, हाडं, टरफलं धरून. ही झाली सरासरी. म्हणजे ज्याच्या घरी दाणा उरत नाही, त्याच्याही नावावर ५५ किलो लागले.

सरासरीचा हाच मोठा फायदा. पाप वाटून घेता येतं.

बरं, साल म्हणजे कचरा हे ठरवलं कोणी? दोडक्याच्या शिरा काढल्या की त्यांची तीळ घालून चटणी होते. दुधीच्या सालीची होते. कोथिंबिरीच्या काड्या वरणात जातात. कोहळा चिरला तर उरलेल्याच्या वड्या घातल्या जातात, उन्हात वाळतात आणि पावसाळ्यात भाजी नसली की त्यांचीच भाजी होते. हीच चटणी मोठ्या शहरात मोठ्या थाळीतल्या छोट्या वाटीत येते आणि वेटर तिची ओळख करून देतो. गावात तिला ओळखीची गरज पडत नाही. ती रोज भेटते.

संत्र्याच्या सालीचं चूर्ण करा, चेहऱ्याला लावा, असा सल्ला दर हंगामात छापून येतो. मोर्शी-वरूडचा पट्टा संत्र्यांचाच. तिकडं बांगलादेशानं आयातशुल्क वाढवलं की इकडं भाव कोसळतो आणि रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग लागतात. सालीचं काय करायचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अख्ख्या संत्र्याचं काय करायचं?

त्यावर तज्ज्ञ अजून चेहऱ्याचाच विचार करताहेत.

'चक्राकार अर्थव्यवस्था' यावर हल्ली परिसंवाद होतात. वातानुकूलित सभागृहात, चहा कागदी कपात, नावाची पट्टी प्लॅस्टिकची. कपाशीचं काय फेकतात, हे तिथं कोणीतरी विचारावं. रुई गिरणीला गेली. सरकीचं तेल निघालं. उरलेली ढेप म्हशीनं खाल्ली. पऱ्हाटी चुलीत गेली, चुलीतल्या राखेनं भांडी घासली. तुराट्यांचा कुड झाला. शेणाची गोवरी झाली आणि गोवऱ्यांवर रोडगे. राहिलं काय ते उकिरड्यावर, आणि उकिरडा पुन्हा शेतात. चक्र पूर्ण फिरलं आणि कोणी टाळी वाजवली नाही.

गॅस आला तशी पऱ्हाटी चुलीतून निघाली. आता ती पुष्कळ ठिकाणी शेतातच पेटते. धूर होता तेवढाच आहे. फक्त घरातला वावरात गेला. पण बाईचे डोळे वाचले, हे कबूल करायला काय जातं? जुनं ते सगळं सोनं म्हणणाऱ्यांनी एकदा ओली पऱ्हाटी फुंकून बघावी.

उकिरड्याला शिस्त लावणारा माणूसही इकडचाच. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका. विटांचं टाकं बांधायचं, दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच. हवा खेळावी म्हणून भिंतींना भोकं. आत काडीकचरा, थोडंसं शेण, माती, असे थरावर थर. वरून लिंपून टाकायचं. तीन-चार महिन्यांत खत तयार. शेण कमी, खत जास्त, हे त्यातलं मर्म. 'नाडेप' देशभर गेलं, सरकारी पुस्तिकांत गेलं, अनुदानं आली, गावोगाव टाकी बांधली गेली.

काही टाक्यांत सध्या शेळ्या राहतात. हवा छान खेळते म्हणे.

शहरात उकिरडा नाही, घंटागाडी आहे. ओला-सुका वेगळा करायचा हा नियमांचा हुकूम. गाडी त्याचं गाणं लावून येते. आपण शहाण्यासारखे दोन डबे नेऊन देतो. गाडी ते दोन्ही एकाच पोटात घेते आणि पुढच्या घरी तेच गाणं म्हणते.

प्लॅस्टिकबंदीचंही तसंच. २०१८ मध्ये राज्यानं बंदी घातली, २०२२ मध्ये केंद्रानं घातली. दोन बंद्या झाल्या. पिशवी मात्र एकच लागते, आणि ती गल्ल्याच्या खालच्या खणात असते. "भाऊ, कापडी आणली नाही का?" असं दुकानदार विचारतो, आणि उत्तराची वाट न बघता पिशवी फुंकून उघडतो.

फ्रीज आला, तेव्हा वाटलं होतं आता अन्न टाकावं लागणार नाही. वाटीभर वरण झाकण ठेवून आत जातं. सोमवारी ते उरलेलं असतं. बुधवारी ते 'बघू' असतं. शुक्रवारी त्याला वास येतो. मग ते टाकताना जिवाला लागत नाही. आपण ठेवलं होतं ना! पूर्वी लोक ताजं अन्न टाकून पाप करायचे. आपण आधी चार दिवस वीज खर्चून मग टाकतो.

दुरुस्तीची गोष्ट तर बोलूच नये. मिक्सरचं एक बटण गेलं, तर कंपनीचा माणूस म्हणतो नवीनच घ्या, एक्सचेंजमध्ये बसवून देतो. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं. वस्तू दुरुस्त करून घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे, हे आता संगणकावर वाचता येतं. पूर्वी तो हक्क एसटी स्टँडच्या मागं एका टपरीत बसायचा आणि सोल्डरिंगच्या धुरात पाच मिनिटांत मिळायचा.

आणि आमच्या शकुंतलेची आठवण येते. मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूर, दुसरीकडे यवतमाळ अशी धावणारी नॅरोगेज गाडी. तिचं वाफेचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलं आणि १९९४ पर्यंत ओढत राहिलं. सत्तर वर्षं! लोक तिला हसायचे, उतरून चालत गेलं तर आधी पोचू म्हणायचे. हसणाऱ्यांच्या खिशातला फोन दुसऱ्या दिवाळीला जुना होतो.

लग्नाकडे वळू, कारण वऱ्हाडात सगळे रस्ते शेवटी मांडवात जातात. पूर्वी पंगत बसायची. पळसाच्या पानांची पत्रावळ, पानांचेच द्रोण, वाढपी समोर. मागितलं तेवढंच पानात पडे, आणि पान टाकून उठलं तर शेजारचा म्हातारा सगळ्यांदेखत विचारी, "काहून बापा, घरी जेवून आलता का?" जेवण झालं की पत्रावळी उकिरड्यावर. तिथं सडून जायच्या. आता बुफे. चाळीस पदार्थ, एक ताट आणि मागं रांग. परत यावं लागू नये म्हणून माणूस एकाच फेरीत सगळं घेतो आणि भिंतीकडे तोंड करून निम्मं टबात टाकतो. टबाशेजारी फलक असतो: अन्न हे पूर्णब्रह्म.

ब्रह्माला टबात बघायची ही नवी साधना.

यजमानाला विचारा एवढं कशाला केलं? तो म्हणतो, "कमी पडलं असतं तर?" कमी पडल्याची चर्चा गावात वीस वर्षं चालते, उरल्याची एक दिवसही चालत नाही. मग माणूस काय निवडेल? गाडगेबाबांनी लेकीच्या बारशाला मटण-दारूच्या पंगतीला फाटा देऊन गोडाचं साधं जेवण वाढलं, तेव्हा भाऊबंद नाराज झाले होते म्हणतात. म्हणजे पाहुण्यांना नाराज करायची तयारी असल्याशिवाय या धंद्यात पडूच नये.

इथवर वाचून मान डोलावली असेल, तर आता जरा थांबा. आपण सगळेच आजीची काटकसर सांगताना फार हळवे होतो. काय ती माणसं! काही वाया जाऊ देत नव्हती!

कोण वाया जाऊ देत नव्हतं? आजोबा?

रात्रीची पोळी उरली की सकाळी तिचे कुटके होतात. मोहरी, कांदा, हिरवी मिरची, वरून शेंगदाणे. झकास लागतात, वाद नाही. पण हे झाले पाहुण्यांना सांगायचे कुटके. एरवी उरलेली भाकर एकच असते, तिला फोडणी देण्याइतकी ती नसते, आणि ती ताजी भाजी संपल्यावर, सगळे उठल्यावर, ओट्याशी उभ्यानं खाल्ली जाते. कोण खातं, ते सांगायला अहवाल लागत नाही. बापाच्या ताटात शिळी भाकर पडलेली तुम्ही किती घरांत पाहिली?

"मले शिळंच आवडते," असं माय म्हणते. आणि आपण ते खरं धरून पन्नास वर्षं काढतो. शिक्षण झालेली माणसं आपण!

गोधडीचं तेच. जुनी लुगडी, धोतरं, पोरांचे सदरे, सगळं थरावर थर. दुपारची कामं आटोपली की माय टाके घालत बसे. त्या वेळेला विश्रांती म्हणायची पद्धत होती. आता तशाच गोधड्या शहरातल्या प्रदर्शनात हजारांत विकल्या जातात. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, 'प्रेमानं शिवलेली'. मजुरी प्रेमानं भागते, असा ज्यांचा समज आहे, त्यांनी स्वतः एक शिवून बघावी. चारी बाजूंनी. कोपऱ्याच्या फुलासकट.

खुद्द गाडगेबाबा कीर्तनात सांगत, की पैसा नसेल तर जेवणाचं ताट विका, हातावर भाकर घेऊन खा, बायकोला लुगडं कमी भावाचं घ्या, पण पोराला शाळेत घाला. काटकसर कशासाठी, याचं याहून सरळ उत्तर नाही. आपली काटकसर वाचवते आणि सेलमध्ये घालवते. त्यांची शाळेत जायची. एवढा आदर ठेवून हळूच विचारतो, बाबा, लुगडंच का? धोतरानं काय घोडं मारलं होतं?

बाबांचं एक मात्र मान्य करावं लागतं. त्यांनी फुटकं खापर बायकोच्या डोक्यावर ठेवलं नाही, स्वतःच्या ठेवलं. गाव झाडायला माणूस पाठवला नाही, स्वतः झाडलं, आणि झाडल्याशिवाय कोणाची भाकर घेतली नाही. आपल्याकडे काटकसरीचा निर्णय एक घेतो आणि अंमलबजावणी दुसरी करते. घरात आई. घराबाहेर भंगार वेचणारी बाई. आपण 'सुका' म्हणून जे टाकतो, ते तीच कुठं तरी ढिगावर उकलत बसते, आणि स्वच्छ शहराचं मानपत्र घ्यायला तिला मंचावर कोणी बोलावत नाही. तिच्या हातात हातमोजे असतील तर नशीब.

तेव्हा नळ्या, ब्रश, बरण्या राहू द्या. एक साधा हिशेब मांडा. या आठवड्यात घरात उरलं किती, हा हिशेब नको. तो स्वयंपाकघराला तोंडपाठ असतो. उरलेलं खाल्लं कोणी, हा मांडा. वहीच्या समासात नावं लिहा. एकच नाव सात वेळा आलं, तर त्याला पर्यावरण म्हणू नका.

आज रात्री दोन पोळ्या उरतीलच. उद्या सकाळी कुटक्यांची पहिली वाटी घरातल्या तात्यांना द्या, दुसरी पर्यावरणावर भाषण देणाऱ्या पोराला. कांदा त्यांनाच चिरू द्या.